रविवारची चूल

आमच्या घरात बाहेर जेवायचा खर्च गेल्या वर्षापर्यंत शून्य होता. असं बाबा सांगतात. बाबा, म्हणजे श्याम, पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क आहेत. कागदावर शून्य दाखवण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.

प्रत्यक्षात त्याच घरात आठवड्यातून दोन-तीनदा पिझ्झा, मोमो, शोरमा आणि माझ्या धाकट्या बहिणीचा, ओवीचा, तो चीज घातलेला डोसा येत होता. पण बाबांच्या लेखी हे जेवण नव्हतं. जेवण म्हणजे भात. ज्यात भात नाही तो खाऊ. एकदा आम्ही दोघांनी एवढा पिझ्झा खाल्ला की जमिनीवरून उठताना भिंत धरावी लागली. बाबांनी घड्याळ बघत विचारलं, "मग जेवायचं कधी?"

तशी आमच्या घराण्याची प्रगती पिढ्यान्‌पिढ्या चालूच आहे. पणजोबा बाहेर जेवले ते फक्त दुसऱ्यांच्या लग्नात, आणि त्यातली काही लग्नं त्यांनी त्याच हेतूने जुळवली होती. आजोबा बाहेर चहा घ्यायचे, पण एसटी वाटेत बंद पडली तरच. गाडी सुखरूप रत्नागिरीला पोचली की चहाचे पैसे वाचले. म्हणजे त्या काळात आमचं अंदाजपत्रक एसटीच्या इंजिनावर चालायचं. बाबांच्या लहानपणी वर्षातून एकदा, निकाल लागला की, सगळ्या भावंडांना आइस्क्रीम. बाबा आठवीत नापास झाले त्या वर्षी कोणालाच मिळालं नाही. काका दर गणपतीत तो विषय अजून काढतात.

आणि मी सलिल. मी एका मिक्सर बनवणाऱ्या कंपनीसाठी घरी बसून लोकांची माफी मागतो. कंपनी पुण्यात आहे, मिक्सर देशभर आहेत, आणि माफी रत्नागिरीतून जाते.

तर गेल्या वर्षी गणपती झाल्यावर, एका रविवारी ताटं उचलता उचलता आई म्हणाली, "पुढच्या रविवारपासून मी स्वयंपाक करणार नाही. बाहेर जेवायचं."

आई, म्हणजे हेमा, शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. सोमवार ते शनिवार शाळा. रविवारी सुट्टी, म्हणजे सकाळी उठून मिरकरवाड्याच्या बंदरावरून मासे, मग ते साफ करणं, नारळ खवणं, वाटप, कालवण, तळलेल्या तुकड्या, सोलकढी, भात, आणि मग संध्याकाळपर्यंत ओट्याचा वास घालवणं. शनिवारची शेवटची घंटा झाली की मुलं नाचत सुटतात आणि ती मनात नारळ मोजायला लागते, असं तीच म्हणते.

"बाहेर? दर रविवारी?" बाबा म्हणाले. "मग तू काय करणार?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"बाल्कनीत खुर्ची टाकून बसेन आणि काही करणार नाही."

"अगं, पण नेमकं काय?"

"नेमकं काहीच नाही."

बाबांना हे झेपेना. एवढी वर्षं सरकारी खात्यात काढलेल्या माणसाला खरं तर पटकन कळायला हवं होतं.

"पैशाचा प्रश्न नाही," बाबा म्हणाले. तोवर त्यांनी पेपरच्या कडेला गुणाकार करून खोडलाही होता. "प्रश्न चुलीचा आहे. ज्या घरात दुपारची चूल पेटत नाही त्या घरात कोणीतरी गेलेलं असतं. लोक पांढरे कपडे घालून येतात."

"बाबा, आपल्याकडे गॅस आहे," ओवी म्हणाली.

"गॅस म्हणजे चूलच."

"मग इंडक्शन घेऊया?"

"तू मोमो खा."

शेवटी तोडगा बाबांनीच काढला. रविवारी निघताना गॅस बारीक करून त्यावर पाण्याचा टोप ठेवायचा. चूल पेटती राहील, आपण जेवून येऊ, कोणी गेलं असं वाटणार नाही. आई विज्ञानाची शिक्षिका असून गप्प राहिली, कारण तिला रविवार हवा होता.

आम्ही हातखंब्याला, हायवेवरच्या निलेशच्या हॉटेलात गेलो. त्या हॉटेलाला नाव होतं, पण नावाची पाटी हायवेच्या रुंदीकरणात गेली आणि फक्त हॉटेल उरलं. थाळीत भात हवा तेवढा मिळतो हे कळल्यावर बाबांच्या चेहऱ्यावर जो भाव आला तो मी फक्त वेतन आयोगाच्या बातमीच्या वेळी बघितला होता. तिसऱ्या भाताला शेजारच्या मथुराकाकूंचा फोन आला.

"अहो भाऊजी, तुमच्या खिडकीतून धूर येतोय! कोणी घरात आहे का हो?"

आम्ही साळवी स्टॉपच्या आमच्या सोसायटीत पोचलो तेव्हा टोपातलं पाणी आटून टोप लाल झाला होता आणि बाजूची प्लॅस्टिकची चाळण ओट्यावर भाकरीसारखी पसरली होती. वॉचमन शिडीवरून बाल्कनीत चढला होता. खाली बरीच माणसं जमली होती, आणि त्यातल्या दोघांच्या अंगावर पांढरे कपडे होते. एक दूधवाला, दुसरा नगरसेवक व्हायची तयारी करणारा.

"बघा," बाबा म्हणाले. "आले ना पांढरे कपडे?"

पुढच्या रविवारी आई पुन्हा ओट्याशी उभी होती. ती भांडली नाही, पण बांगड्याला मसाला अशी लावत होती की मला बांगड्याची काळजी वाटली.

"बोल ना काहीतरी," बाबा म्हणाले.

"मला रविवार पाहिजे."

"मग असं करू," बाबा म्हणाले. "गावी जाऊन पावणाईला कौल लावू. देवी म्हणेल ते."

"देवी म्हणेल ते?"

"अगदी देवी म्हणेल ते."

आमचं गाव हातखंब्याच्या पुढे थोडं आत आहे. पावणाई ही आमची ग्रामदेवता, आणि गावात कुठलीही मोठी गोष्ट तिला विचारल्याशिवाय होत नाही. विचारायची पद्धत अशी: बाबल्याकाका गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि आपल्या वतीने गाऱ्हाणं घालतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार. डावीकडची पडली तर नकार. त्या वर्षी बाबल्याकाकांनी दोन लग्नं, एक बोअरवेल आणि एक सेकंडहँड इनोव्हा एवढ्यांचे कौल लावले होते. हॉटेलचा पहिलाच.

देवळात नवं म्हणजे मूर्तीच्या डाव्या अंगाला उभा केलेला मोठा पेडेस्टल फॅन. गावच्या मुंबई मंडळाने दिलेला. त्यावर मंडळाचं नाव देवीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात. आम्ही गेलो तेव्हा तो वेगात चालू होता आणि बाबल्याकाकांचं धोतर फडफडत होतं.

"बाय पावणाय," बाबल्याकाकांनी सुरू केलं, "तुजा ह्यो लेकरू श्याम आज सगल्या कुटुंबाला घेऊन तुज्या पायाशी आलाय—"

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हणालो. गाऱ्हाण्यात प्रत्येक वाक्याला असं म्हणायचं असतं.

"त्येच्या घरात रविवारची चूल बंद ठेवून हाटेलात जेवायला जायाचा इचार चाललाय—"

"व्हय म्हाराजा!"

"मागल्या टायमाला टोप करपला, चालण इतलली, शेजारी गोला झाले—"

"व्हय म्हाराजा!" हे ओवी जरा जास्तच उत्साहाने ओरडली.

"तर माये, चूल बंद ठेवलेली तुला चालत असंल तर उजवा दे. न्हाय चालत तर डावा दे. काय असंल ता सांगून मोकली हो!"

"व्हय म्हाराजा" पूर्ण व्हायच्या आत डावी पाकळी पडली. बाबल्याकाकासुद्धा दचकले. म्हणाले, "बोअरवेलला अर्धा तास लागलेला."

बाबांनी हात जोडले आणि आईकडे नुसतं बघितलं. नुसतं बघणं हे त्यांचं सगळ्यात त्रासदायक शस्त्र आहे. आई मूर्तीकडे बघत होती. मग थोडं मूर्तीच्या डावीकडे. मग तिने पदर खोचला.

"भावजी, अजून एक लावा."

"वैनी, देवी नको म्हनली ना?"

"ते मान्य आहे. चूल पेटलीच पाहिजे. माझं विचारणं वेगळं आहे. रविवारचा स्वयंपाक माझ्याच हातचा व्हायला पाहिजे का? माझ्याच हातचा हवा असेल तर देवीने उजवा द्यावा. तशी अट नसेल तर डावा."

फॅन घरघरत होता. बाबल्याकाकांनी बाबांकडे बघितलं. "देवी म्हणेल ते" हे बाबा आम्हा तिघांसमोर म्हणून बसले होते, त्यामुळे त्यांना मान हलवावी लागली. पाकळ्या लागल्या. गाऱ्हाणं झालं.

डावी.

"हेमावैनीच्या हातचा देवीला नको," बाबल्याकाकांनी जाहीर केलं.

"नको असं नाही, भावजी. अट नाही."

पण गावात बातमी अटींसह पसरत नाही. आम्ही गाडीपाशी पोचेपर्यंत ती आमच्या पुढे पोचली होती. कुंपणाशी उभ्या सखूआजीने आईचा दंड धरून काळजीने विचारलं, "हेमा, मीठ जास्ती घालतंस काय गो?"

परतीच्या वाटेवर हातखंबा आला. तसे बाबा म्हणाले, "स्वयंपाक म्हणजे काय मोठंसं? नियोजन पाहिजे." आम्ही तिघांनी एकदम खिडकीबाहेर बघितलं.

पुढच्या रविवारी बाबा पिशवी घेऊन मिरकरवाड्याला गेले आणि साक्षीदार म्हणून मला नेलं. आई वर्षानुवर्षं यमुनाबाईंकडून मासे घेते. यमुनाबाईंनी बाबांना बघून हातातली सुरमई खाली ठेवली.

"सायेब, वैनी बऱ्या हायत ना?"

"उत्तम आहेत. आज खरेदी माझ्याकडे आहे. तीन दर सांगा."

"कसले?"

"पद्धत असते. तीन ठिकाणचे दर घ्यायचे आणि मग मंजुरी द्यायची."

यमुनाबाईंनी समोरच्या तीन सुरमयांवर बोट ठेवलं. "ही ताजी. ही ताजी. नि ही पन ताजी. झाले तीन. आता मंजुरी द्या."

बाबांनी सगळ्यात मोठीला मंजुरी दिली. घासाघीस केली नाही, कारण मंजूर दरात घासाघीस करता येत नाही. यमुनाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा सांगितलेली किंमत पूर्ण मिळवली आणि घाबरून वर मूठभर कोळंबी दिली.

घरी आई बाल्कनीत खुर्ची टाकून बसली होती आणि काही करत नव्हती. ते ती इतकं मन लावून करत होती की कावळाही कठड्यावर येऊन शांत बसला होता.

"हेमा, हळद कुठाय?" आतून आवाज आला.

"कौल लावा," आई म्हणाली.

"मीठ किती घालू?"

"कौल लावा."

मी तिच्याजवळ जाऊन हळूच विचारलं, "आई, देवळात तू फॅन बघितला होतास ना?"

"कुठला फॅन?"

"डाव्या अंगाचा. त्याचा वारा सरळ डाव्या पाकळीवर होता."

"मी बाई सातवीला हवेचा दाब शिकवते," आई म्हणाली. "मला कसं दिसणार?"

"म्हणजे कौल देवीने दिला की फॅनने?"

"फॅन कोणी दिला?"

"मुंबई मंडळाने."

"त्या मंडळाला एवढ्या वर्षांत पैसे काढायची बुद्धी झाली नव्हती. ती कोणी दिली?"

तेवढ्यात माझी शिफ्ट सुरू झाली. मी आतल्या खोलीत जाऊन हेडफोन घातला, आणि थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून दूध करपल्यासारखा, पण विजेचा वास आला. लगेच माझा फोन वाजला.

"नमस्कार, मी सलिल बोलतोय. आपली काय मदत करू?"

"तुमचा मिक्सर जळलाय!" पलीकडून आवाज आला, आणि तोच आवाज भिंतीतूनही आला. "नारळ वाटत होतो."

मला ओळख दाखवता येत नाही. कॉल रेकॉर्ड होतात. "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपण वाटताना पाणी घातलं होतं का, सर?"

"पाणी घालायचं असतं हे कुठे लिहिलंय?" मग जरा थांबून, "तुमचा आवाज ओळखीचा वाटतो."

"आपलं शुभ नाव, सर?"

बाबांनी नाव सांगितलं, पत्ता सांगितला, पिनकोड सांगितला. मी त्यांची तीनदा माफी मागितली. ते म्हणाले, "तुम्ही तरी नीट बोलता. आमच्या घरात एक मुलगा आहे, तो ढुंकून बघत नाही." ते रेकॉर्ड पुण्यात आहे. प्रशिक्षणात वापरतात असं ऐकलं.

जेवण साडेचारला झालं. सुरमई बाहेरून काळी आणि आतून बाजारात होती तितकीच ताजी होती. आई शांतपणे जेवली, "छान आहे" म्हणाली आणि पुन्हा बाल्कनीत गेली. त्याच्या पुढच्या रविवारी बाबांनी दोन टोप आणि नवा मिक्सर आणला. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी महत्त्वाकांक्षा कमी करून पिठलं केलं. ते कापून वाढावं लागलं.

त्या संध्याकाळी बाबा पेपरच्या कडेला बराच वेळ गुणाकार करत बसले. सुरमई, नारळ, मिक्सर, टोप हे सगळं मिळवलं तर तेवढ्यात आम्ही चौघं निलेशकडे संक्रांतीपर्यंत जेवलो असतो, वर बडीशेप वेगळी. या वेळी त्यांनी तो हिशेब खोडला नाही. त्यांनी पेपरची घडी घातली, चष्मा काढला, आणि ऑफिसात साहेबांसमोर उभे राहतात तसे उभे राहिले.

"मी दोन्ही कौल एकत्र वाचले," ते म्हणाले.

आम्ही ऐकायला लागलो.

"पहिला कौल. चूल बंद ठेवायची नाही. मान्य. दुसरा कौल. स्वयंपाक हेमाच्याच हातचा हवा अशी अट नाही. मान्य. मग कोणाच्या हातचा? कौल मौन आहे. चूल कोणाची? तिथेही कौल मौन आहे. आदेश जिथे मौन असतो तिथे स्थानिक अधिकाऱ्याने अर्थ लावायचा असतो." त्यांनी घसा साफ केला. "सकाळचा चहा मी आपल्या गॅसवर करीन. म्हणजे घरची चूल पेटली. दुपारची चूल निलेश पेटवील. त्याची पेटलेलीच असते."

"अय्या," आई म्हणाली. "हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं."

सातवीतल्या पोराला स्वतःहून उत्तर येईपर्यंत थांबायची तिला सवय आहे.

पुढच्या रविवारी बाबांनी चहा केला, गॅस बंद केला, पुन्हा जाऊन बंद असल्याचं बघितलं, आणि आम्ही चौघं हातखंब्याला गेलो. पण तीन रविवार ओट्याशी काढलेला माणूस पहिल्यासारखा जेवत नाही. बाबांनी कालवणाचा एक भुरका घेतला आणि निलेशला बोलावलं.

"वाटताना पाणी कमी पडलंय."

"काका, तुम्हाला कसं कळलं?"

"माझा एक मिक्सर गेलाय यात," बाबा म्हणाले आणि सरळ आत गेले. आतून बराच वेळ त्यांचा आवाज येत होता. बाहेर आले तेव्हा त्यांच्या मागून सोलकढीचे चार पेले आले, बिलात न लावलेले. बाबांनी ते बघून म्हटलं, "हा खाऊ. खर्चात धरायचा नाही."

त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही निघताना आईने चपला घातल्याच नाहीत.

"तुम्ही जा. मला पार्सल आणा."

"अगं, हॉटेल तुलाच हवं होतं ना?" बाबा म्हणाले. "एवढा कौल लावला, एवढा मिक्सर जाळला."

"मला रविवार हवा होता," आई म्हणाली आणि खुर्ची उचलून बाल्कनीत गेली.

बाबा जिना उतरताना विचारात होते. निलेशकडे त्यांनी भात एकदाच घेतला आणि सुरमईची मधली तुकडी स्वतः निवडून आईच्या पार्सलात घालायला लावली. सोलकढी वेगळ्या पिशवीत, गाठ दोनदा.

आम्ही परत आलो तेव्हा दार आतून बंद होतं. ओवीने बेलकडे हात नेला. बाबांनी तो वरच्या वर धरला.

"झोपली असेल."

"मग आपण?"

बाबांनी दाराला कान लावला. आत काही वाजत नव्हतं, फोडणी नाही, नळ नाही, मिक्सर तर नाहीच. त्यांनी जिन्याच्या पायरीवर रुमाल पसरला आणि बसले. आम्ही खालच्या पायरीवर बसलो. पार्सल गरम राहावं म्हणून बाबांनी ते मांडीवर घेतलं होतं, फाइल घेतात तसं, दोन्ही हातांनी.

तेवढ्यात मथुराकाकू भाजीची पिशवी घेऊन वर आल्या. आम्हा तिघांना जिन्यात बसलेलं बघून त्या थबकल्या. त्यांनी आधी दार बघितलं, मग आमचे कपडे. बाबांचा शर्ट पांढरा होता.

"भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या, "घरात... आज चूल पेटली नाही का?"

"हळू बोला," बाबा म्हणाले. "पेटली की. हातखंब्याला."